मुक्या जिवाला गाठ येते तेव्हा

वाराणसीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागातल्या अरुंद गल्ल्यांतून चालताना आजही मधूनच मराठी कानावर पडते. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेली ही घरे. अशाच एका घराची कल्पना करावी. जुना वाडा, मध्ये फरसबंदी चौक, माकडांच्या भीतीने गच्चीला बसवलेली जाळी. घरात सासूबाई, मुलगा, सून आणि सातवीतली नात. आणि पाचवी चिमी. नऊ वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी दारात कुडकुडत बसलेले गावठी कुत्रीचे पिल्लू सासूबाईंनीच आत घेतले होते. रोज सकाळी तिला दूधभात त्यांच्याच हातचा लागे.

एके दिवशी चिमीचे अंग पुसताना सुनेच्या हाताला काहीतरी लागले. पोटाखाली, मागच्या पायाजवळच्या आचळाला लागून, हरभऱ्याएवढी गाठ.

‘‘आई, जरा हात लावून बघता का? हे काय आहे?’’

‘‘अगं, म्हातारी झाली ती आता. येतातच गाठी. हळद लाव, बसून जाईल.’’

हळद लावली. गाठ बसली नाही. दिवाळीपर्यंत ती सुपारीएवढी झाली, संक्रांतीला लहान लिंबाएवढी. मग मात्र घरात धावपळ सुरू झाली. मुलगा मोबाइलवर शोधू लागला. एका चित्रफितीत कोणीतरी खात्रीचा काढा सांगत होता, दुसऱ्या ठिकाणी ‘शस्त्रक्रिया केली की रोग पसरतो’ असे छातीठोकपणे लिहिले होते. शेजारच्या गृहस्थांनी सांगितले, ‘‘अहो, कुत्र्याला कसला कर्करोग? आणि असला तरी त्याला काय औषध असते?’’

चिमी आणि तिचे घर कल्पनेतले आहे. पण पोटाखाली गाठ घेऊन फिरणाऱ्या कुत्र्या आणि त्यांच्याकडे पाहून गोंधळून गेलेली घरे अगदी खरी आहेत. अशा वेळी काय करावे, कोणाला विचारावे आणि कुठे थांबावे, याचाच विचार या वेळी.

रोग नवा नाही

जनावरांना कर्करोग होतो, ही गोष्ट शेतकऱ्याला नवी नाही. बैलाच्या शिंगाचा कर्करोग आपल्या देशात पूर्वापार माहीत आहे. बैल डोके एका बाजूला कलते धरतो, शिंग दगडावर घासतो, नाकपुडीतून रक्त येते आणि शेवटी शिंग ढिले होऊन लोंबू लागते. वेळीच शिंग मुळापासून काढले तर बैल पुन्हा औताला उभा राहू शकतो, हे पशुवैद्य अनेक वर्षे दाखवीत आले आहेत.

कुत्र्यामांजरांच्या बाबतीत एक गोष्ट बदलली आहे. लसीकरण, चांगले अन्न आणि घरातली माया यांमुळे ती पूर्वीपेक्षा जास्त जगतात आणि कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा आजार आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेच्या अंदाजानुसार दर चार कुत्र्यांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी या ना त्या प्रकारची गाठ होते आणि दहा वर्षांवरच्या कुत्र्यांत तर हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते. आकडे तिकडचे असले तरी म्हातारपण आणि गाठ यांचे नाते इकडेही तेच आहे.

आपल्याकडे ज्यांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली नाही, अशा कुत्र्यांच्या माद्यांत आचळांच्या गाठी फार आढळतात. यातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की कुत्रीच्या आचळातल्या साधारण निम्म्या गाठी साध्या निघतात. मांजरीचे मात्र उलट आहे. तिच्या आचळातल्या दहापैकी आठ-नऊ गाठी घातक असतात. म्हणून मांजरीची गाठ हरभऱ्याएवढी असतानाच दवाखाना गाठावा.

नाव कळल्याशिवाय औषध नाही

चिमीच्या घरच्यांची पहिली चूक हळद लावण्याची नव्हती. हळदीने फारसे बिघडले नाही. चूक होती ती वाट पाहण्याची. या तीन महिन्यांत गाठ तिप्पट-चौपट वाढली. आचळाची गाठ तीन सेंटिमीटरच्या आत असताना, म्हणजे साधारण मोठ्या सुपारीएवढी असेपर्यंत काढली तर कुत्री बरी होण्याची शक्यता बरीच अधिक असते. तीन महिन्यांनी शस्त्रक्रियाही मोठी होते आणि धोकाही वाढतो.

म्हणून साधा नियम असा. महिन्यातून एकदा जनावराच्या अंगावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवावा. जबड्याखाली, मानेत, काखेत, जांघेत आणि मादी असेल तर प्रत्येक आचळाभोवती. कुत्रीला बहुधा दहा आचळे असतात, छातीपासून जांघेपर्यंत दोन ओळींत. नवी गाठ लागली तर तारीख घालून वहीत लिहावी आणि पट्टीने मापावी. महिनाभर टिकली किंवा वाढली, तर डॉक्टरांना दाखवावी. न भरणारी जखम, तोंडाला अचानक येणारी दुर्गंधी, नाकातून रक्त, कारणावाचून घटणारे वजन आणि कमी न होणारे लंगडणे, यांकडेही असेच पाहावे.

गाठ साधी की घातक, हे बोटांनी चाचपून कोणालाच सांगता येत नाही, अनुभवी डॉक्टरांनाही नाही. बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढून काचेवर तपासतात. हे काम बहुतेक वेळा भूल न देता काही मिनिटांत होते. त्यातून निदान झाले नाही तर गाठीचा तुकडा किंवा काढलेली पूर्ण गाठ प्रयोगशाळेत पाठवतात. सुई टोचल्याने रोग सर्वांगात पसरतो, ही समजूत जवळजवळ सर्व गाठींच्या बाबतीत निराधार आहे. आचळाच्या गाठीत मात्र सुईच्या तपासणीने खात्रीचे उत्तर नेहमीच मिळत नाही. तेथे गाठ काढून ती पूर्ण तपासणेच अधिक भरवशाचे ठरते.

शस्त्रक्रियेआधी रक्ताची तपासणी आणि छातीचे एक्स-रे काढून घ्यावेत. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि उताणे, असे तीन बाजूंनी काढले तर फुप्फुसातली लहान गाठ नजरेतून सुटण्याचा संभव कमी होतो. रोग फुप्फुसात पोहोचला असेल तर पोटावरची मोठी शस्त्रक्रिया करून जनावराला वेदनेपलीकडे फारसे काही मिळत नाही. हे आधी कळले, तर पैसे आणि यातना दोन्ही वाचतात.

आणखी एक सूचना. तपासणी होण्याआधीच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू नयेत. लिंफोमासारख्या रक्तपेशींच्या कर्करोगात त्यांनी गाठी काही दिवस विरघळल्यासारख्या होतात आणि घरात आनंदीआनंद होतो. पण त्यामुळे निदान अवघड होते आणि पुढे दिलेली औषधे कमी गुण देतात.

माहिती मिळते, पण कोणाची?

चिमीच्या घरात मुलाने एका रात्रीत पन्नास ठिकाणी वाचले आणि सकाळी तो अधिकच घाबरून उठला. माहिती कमी असण्याचे दिवस संपले, आता ती निवडून घेण्याचे दिवस आहेत. त्यासाठी चार प्रश्न पुरतात.

पहिला, ही माहिती कुत्र्याबद्दल आहे की माणसाबद्दल? माणसाचे औषध आणि माणसाचा अनुभव मुक्या जिवाला जसाच्या तसा लागू पडत नाही. दुसरा, सांगणारा काही विकतो आहे का? ‘शंभर टक्के गुण’ असे लिहिणारा बहुधा विकतच असतो. तिसरा, नेमक्या कोणत्या कर्करोगाबद्दल हे लिहिले आहे? ‘कुत्र्याचा कर्करोग’ नावाचा एक रोग नाही, ते अनेक रोग आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालावर लिहिलेले गाठीचे पूर्ण नाव आणि तिची श्रेणी उतरवून घ्यावी आणि शोध त्याच नावाने करावा. चौथा, हे कधी लिहिले आहे? दहा-पंधरा वर्षांत बरेच काही बदलते.

विश्वासाने पाहावे असे साहित्यही आहे. मर्क कंपनीचा पशुवैद्यकीय ग्रंथ १९५५ सालापासून निघतो आणि त्यातला जनावरांच्या मालकांसाठी लिहिलेला भाग आता संगणकावर किंवा मोबाइलवर मोफत वाचता येतो. भाषा इंग्रजी आहे, पण शाळेत जाणारी नात आजीला वाचून दाखवू शकते.

आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘या रोगात सरासरी बारा महिने’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा असा, की अशा शंभर कुत्र्यांपैकी पन्नास त्याआधी गेली आणि पन्नास त्यानंतरही जगली. आपले जनावर कोणत्या पन्नासात बसणार, हे तो आकडा सांगत नाही. तो शाप नव्हे आणि वरदानही नव्हे.

काशीहून कुठे जावे?

वाराणसीत माणसांच्या कर्करोगावर मोठी सोय झाली आहे. लहरतारा येथील होमी भाभा कर्करोग रुग्णालय आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातले, २०१९ साली सुरू झालेले महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र, ही दोन्ही मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राची. पूर्वांचल आणि बिहारमधले रोगी तेथे येतात. साहजिकच चिमीच्या सुनेला वाटले, ‘माणसांसाठी एवढे आहे, तर हिच्यासाठी काहीच नाही का?’

आहे, पण विखुरलेले आहे. बनारस हिंदू विद्यापीठाची पशुवैद्यक शाखा शहरात नसून मिर्झापूरजवळ बरकछा येथील दक्षिण आवारात आहे. अयोध्येजवळ कुमारगंजच्या कृषी विद्यापीठात पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मथुरेचे महाविद्यालय १९४७ सालचे. आणि बरेलीजवळ इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे. या संस्थेचे मूळ मराठी मुलखातले. १८८९ साली ती पुण्यात एक जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली आणि १८९३ साली कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. इज्जतनगरचे केंद्र त्यानंतरचे. तिच्या दवाखान्यात इतर डॉक्टरांनी पाठवलेली अवघड जनावरेही पाहिली जातात.

मुंबईकरांना परळचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’ माहीत असते. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे हे रुग्णालय आणि १८८६ साली निघालेले मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय ही दोन्ही परळची. माणसांसाठीचे टाटा स्मारक रुग्णालयही १९४१ पासून परळलाच आहे. २०२४ साली महालक्ष्मी भागात टाटा न्यासांचे लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय सुरू झाले.

पण म्हणून प्रत्येकाने जनावर घेऊन मुंबई गाठावी असे नाही. रेल्वेत कुत्र्याला न्यायचे तर पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डाजवळच्या डब्यातल्या पेटीत त्याला ठेवावे लागते. आजारी आणि म्हाताऱ्या कुत्र्याला तो प्रवास सोपा नाही. बहुतेक वेळा उलटे केलेले बरे. जनावर घरी ठेवावे आणि कागद पाठवावेत. काचपट्ट्या, गाठीचा नमुना, एक्स-रे आणि अहवाल दूरच्या तज्ज्ञाकडे जाऊ शकतात आणि त्यांच्या सल्ल्याने गावातलेच डॉक्टर उपचार करू शकतात. चांगला डॉक्टर ‘दुसऱ्या कोणाचे मत घ्यायचे आहे’ असे म्हटल्यावर रागावत नाही. उलट स्वतःहून चिठ्ठी देतो. डॉक्टर १९८४ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेले पशुवैद्य आहेत ना, एवढे मात्र न संकोचता विचारावे.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्यावेत. गाठीचे नाव काय? पसरली आहे का? उपचार केला तर काय मिळेल, नाही केला तर काय होईल? त्रास कोणता होईल? किती खेपा आणि एकूण खर्च किती? आणि शेवटचा, सर्वांत उपयोगाचा प्रश्न : ‘‘डॉक्टर, ही तुमची कुत्री असती तर तुम्ही काय केले असते?’’

तीन वाटा

निदान झाले की तीन वाटा समोर असतात. रोग काढून टाकणे, रोग आवरून धरणे किंवा रोग आहे तसा ठेवून वेदना आवरणे. तिसरी वाट म्हणजे हार नव्हे. तोही उपचारच आहे.

एकाच जागी असलेल्या गाठीसाठी शस्त्रक्रिया हाच सर्वांत भरवशाचा उपाय. रोग आवरून धरण्यासाठी केमोथेरपी वापरतात. या शब्दाची धास्ती घरातल्या कोणीतरी माणसाचे हाल पाहिल्यामुळे बसलेली असते. जनावरांत मात्र मात्रा बेताची ठेवतात, कारण त्यांच्या बाबतीत हेतू असतो तो राहिलेले दिवस चांगले जावेत हा. बहुतेक कुत्र्यांना एक-दोन दिवस भूक मंदावणे, उलटी, जुलाब एवढाच त्रास होतो. काहींच्या पांढऱ्या पेशी उतरतात. औषधानंतर आठवडाभरात ताप आला किंवा जनावर मलूल झाले तर रात्र उलटू न देता डॉक्टरांना कळवावे. बहुतेक कुत्र्यांचे केस गळत नाहीत. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींत ते विरळ होतात आणि मांजरांच्या मिशा गळतात.

लिंफोमा झालेल्या कुत्र्याला चार औषधांचा एकत्रित उपचार दिला तर साधारण वर्षभर मिळते, फक्त स्टेरॉइडवर एक-दोन महिने. दोन्हींपैकी काय निवडायचे, हे घराने ठरवायचे असते. कमी खर्चाची वाट निवडणारे घर कमी माया करते, असे कोणी समजू नये.

सदाफुलीचे देणे

एका कर्करोगाची गोष्ट मात्र आवर्जून सांगण्याजोगी आहे. गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांत जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ दिसते. ती समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. १८७६ साली नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली. गाठ एका प्राण्यातून दुसऱ्यात यशस्वीपणे रुजवण्याचा तो पहिला प्रयोग मानला जातो. अलीकडच्या संशोधनातून कळले आहे, की जगभरच्या अशा गाठींतल्या पेशी हजारो वर्षांपूर्वी जगलेल्या एकाच कुत्र्यापासून आलेल्या आहेत. तो कुत्रा केव्हाच गेला, त्याची गाठ मात्र अजून फिरते आहे.

ऐकायला भयंकर, पण हाच कर्करोग बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. त्यावर व्हिनक्रिस्टिन नावाचे औषध आठवड्यातून एकदा शिरेतून देतात आणि सहसा चार ते सहा आठवड्यांत गाठ नाहीशी होते. हे औषध निघते सदाफुलीपासून. तुळशीच्या शेजारी, कुंडीत, कुंपणाला, कुठेही उगवणारी ती जांभळी-पांढरी फुले. मूळची मादागास्करची ही वनस्पती १९६० च्या दशकात कर्करोगाच्या औषधांत आली आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही तिने असंख्य जीव वाचवले.

मात्र सदाफुलीचा पाला वाटून जनावराला पाजू नये. पाला विषारी आहे. औषधसुद्धा शिरेबाहेर सांडले तर आसपासचे मांस सडते, म्हणून ते अनुभवी हातांनीच द्यायचे.

घरात घ्यायची काळजी

केमोथेरपीचे औषध दिल्यावर दोन-तीन दिवस जनावराची लघवी, शी आणि उलटी हातमोजे घालूनच साफ करावी. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना त्यापासून दूर ठेवावे. गोळ्या फोडू किंवा कुटू नयेत.

वेदना दिसल्या म्हणून घरातली गोळी कधीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. डायक्लोफिनॅक तर गिधाडांच्या नाशाला कारण ठरल्यामुळे २००६ साली जनावरांच्या औषधांतून बंद झाले. जनावरांना चालणारी वेदनाशामके आहेत, ती डॉक्टरांकडूनच घ्यावीत. हळद, काढा, गोमूत्र यांपैकी काही देत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे, लपवू नये.

आणि ज्यांच्या घरी मादी पिल्लू आहे, त्यांनी आधीच विचार करावा. १९६९ च्या एका अमेरिकन अभ्यासात पहिल्या माजाआधी गर्भाशय आणि अंडाशय काढलेल्या कुत्र्यांत आचळाच्या कर्करोगाचा धोका न काढलेल्यांच्या तुलनेत अवघा ०.५ टक्के आढळला, एका माजानंतर ८ टक्के, दोन माजांनंतर २६ टक्के. २०१२ साली या पुराव्याची फेरतपासणी झाली तेव्हा तो वाटतो तितका भक्कम नाही, असे मत पुढे आले. तरीही ही शस्त्रक्रिया झाली की गर्भाशयात पू होण्यासारखा जीवघेणा आजार टळतो आणि नको असलेली पिल्लेही. योग्य वय कोणते, ते जात आणि आकार पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

कुठवर?

आता पुन्हा चिमीकडे. समजा, तिच्या छातीचे एक्स-रे स्वच्छ निघाले. सून म्हणाली शस्त्रक्रिया करू. सासूबाई ऐकेनात. ‘‘नऊ वर्षांच्या कुत्रीला कापताय? मुकं जनावर ते. तिला विचारलंत का?’’ शेवटी डॉक्टरांनीच त्यांना समजावले, की गाठ फुटली तर जखम होईल, माशा बसतील, किडे पडतील. तो त्रास चिरेपेक्षा मोठा. सासूबाईंनी मान हलवली. शस्त्रक्रिया झाली, अहवालात गाठ घातक निघाली. पण दहा दिवसांनी टाके निघाले आणि पंधराव्या दिवशी चिमी पुन्हा चौकात खारींमागे धावू लागली.

एक वर्ष असे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात ती दमू लागली, खोकू लागली. या वेळी एक्स-रेत फुप्फुसात ठिपके दिसले. आता सून म्हणाली, ‘‘बरेलीला नेऊ या.’’ मुलाने खर्चाचा अंदाज काढला. नात रडून म्हणाली, ‘‘आजी, तू सांग ना, काहीतरी करायला.’’

अशा क्षणी घराला एखादी पट्टी हाताशी लागते. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ साली अशी एक पट्टी मांडली. सात गोष्टी पाहायच्या : वेदना आणि श्वास, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर सेवा चालू ठेवायला हरकत नाही. खाली घसरू लागली तर थांबण्याचा विचार करायचा. गुण घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे द्यावेत, मग एकत्र बसून पाहावेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री चांगल्या दिवसाला टिकली आणि वाईट दिवसाला फुली करावी. माया डोळ्यांवर पडदा ओढते, कॅलेंडर ओढत नाही.

काशीत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. येथे मरण्यासाठी लोक दुरून येतात. काशीत देह ठेवणारा कोणताही जीव, मग तो किडामुंगी का असेना, मुक्त होतो अशी श्रद्धा आहे. आणि काशीचा कोतवाल कालभैरव, त्याचे वाहनच कुत्रा. मग जो जीव नैसर्गिकपणे जाणार, त्याला सुई देऊन आधी पाठवायचे का? अनेकांना ते पाप वाटते. त्या भावनेचा मान ठेवला पाहिजे. पण दयामरण नको असेल, तर वेदना आवरण्याची जबाबदारी दुप्पट होते. ‘देवावर सोडले’ म्हणून चार दिवस श्वासासाठी तडफडणाऱ्या जिवाकडे नुसते पाहत बसणे, ही श्रद्धाही नव्हे आणि दयाही नव्हे.

चिमीच्या घरातल्या कॅलेंडरवर पहिल्या महिन्यात चारच फुल्या होत्या. गोळ्यांनी खोकला आवरला होता, दूधभात चालू होता. बरेलीचा बेत सर्वांनी मिळून सोडला. नातीच्या गादीशेजारी चिमीचे अंथरूण आले. दुसऱ्या महिन्यात फुल्या टिकल्यांना मागे टाकू लागल्या. एका रविवारी सासूबाई कालभैरवाच्या दर्शनाला गेल्या. परत आल्या तेव्हा चिमी मान लांब करून श्वास ओढत होती. वाटीतला दूधभात तसाच होता. त्या तिच्याजवळ खाली बसल्या आणि मुलाला म्हणाल्या,

‘‘बाबा, डॉक्टरांना घरीच बोलाव. पुरे झालं आता तिला.’’

शस्त्रक्रियेला नाही म्हणणाऱ्या त्याच होत्या आणि थांबायला सांगणाऱ्याही त्याच.

दयामरण नोंदणीकृत पशुवैद्याकडूनच आणि शक्य तर घरी, ओळखीच्या माणसांच्या मांडीवर द्यावे. आधी भुलीचे औषध देतात, मग दुसरे. काही मिनिटांत सारे शांत होते. मागे राहिलेला देह गंगेत सोडू नये, उघड्यावरही टाकू नये. त्या औषधाचा अंश देहात राहतो आणि तो खाणाऱ्या पक्ष्यांना, कुत्र्यांना बाधतो. खोल खड्डा करून पुरावे किंवा शहरात सोय असेल तेथे दहन करावे. मुलांना ‘ती शेतावर गेली’ असे सांगू नये. त्यांना खरे सांगावे आणि रडू द्यावे.

नंतर बऱ्याच घरांत एक प्रश्न उरतो : लवकर थांबलो का, की उशिरा? नेमका दिवस कोणालाच सापडत नाही. गाठीचे नाव विचारले होते, उपचाराचा हिशेब मांडला होता, वेदना आवरल्या होत्या आणि शेवटी हात तिच्या अंगावर होता, एवढे झाले असेल तर त्या घराने आपले काम केले. नऊ-दहा वर्षे दारात बसून राखण करणाऱ्या जिवाचे देणे याहून वेगळे नसते.

महिन्यातून एकदा अंगावरून हात फिरवायचा, हे मात्र आजच, आपापल्या घरी सुरू करावे.